सह्याद्रीच्या पायथ्याचा तांबडा द्राक्षारस

वेदीवर दररोज जो द्राक्षारस वाहिला जातो त्याचे माप अगदी थोडे असते. परंतु त्या थोडक्या रसाविषयी ख्रिस्तसभेने जितकी काळजी वाहिली आहे तितकी दुसऱ्या एखाद्या जिनसेविषयी क्वचितच वाहिली असेल. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे ९२४ वे कलम असे सांगते की, हा रस निसर्गतः द्राक्षाच्या फळापासून झालेला असावा आणि तो बिघडलेला नसावा. पुढे २०१७ साली रोम येथील उपासनाविषयक मंडळाने जगातील सर्व बिशपांस पत्र लिहून पुन्हा स्मरण दिले की, भाकर व द्राक्षारस आता बाजारात कोठेही मिळू लागले असल्यामुळे ते तयार करणारी माणसे सचोटीची व जाणती असावीत ह्याकडे लक्ष दिले पाहिजे. म्हणजे नियम पदार्थाविषयी असला तरी शेवटी तो माणसावर येऊन ठरतो. वेल कोणी लावला, घड कोणी तोडला, रस कोणी गाळला, हा प्रश्न धर्मदृष्ट्याही निरर्थक नाही.

ज्युबिलीच्या स्मरणिकेत सामान्यतः इमारतींचा, घंटांचा, शाळांचा आणि धर्मगुरूंच्या नेमणुकांचा इतिहास येतो, व तो यावयास हवा. आम्ही मात्र ह्या पानांत आपल्या महाराष्ट्रातील एका लहान व तरुण उद्योगाचा इतिहास वाचकांपुढे ठेवणार आहोत. सह्याद्रीच्या पायथ्याशी, नाशिकच्या बाजूस, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही कुटुंबांनी स्वतःच्या द्राक्षबागा लावून तांबडा द्राक्षारस करण्यास आरंभ केला. त्यांतील काही टिकली, काही मोडली, काहींनी आपले घर मोठ्या घराच्या स्वाधीन केले. बाभुळगावच्या काळ्या रानात कपाशी पिकविणाऱ्या आपल्या लोकांस ह्या कथेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस येईल. तूर्त एवढेच सांगतो की, शेतकऱ्याचा माल कोणत्या पायरीवर त्याच्या हातून निघून जातो ह्यावर त्याच्या घराचे बरेवाईट अवलंबून असते, आणि ही गोष्ट द्राक्षास जितकी लागू आहे तितकीच कापसासही लागू आहे.

द्राक्षवेल महाराष्ट्रास नवी नाही. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या काळी आलेला प्रवासी इब्न बतूता ह्याने देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, द्राक्षांची व डाळिंबांची नोंद करून ठेविली आहे, आणि ती वर्षातून दोनदा फळतात असे तो लिहितो. ह्या नोंदीत आपल्या देशातील द्राक्षशेतीचे मर्म आलेले आहे. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते, वेलीची पाने झडतात, आणि वसंतात ती जागी होते. त्यामुळे तेथे वर्षास एकच छाटणी व एकच पीक. आपल्याकडे वेलीस अशी झोप लागतच नाही. तिला मोकळी सोडली तर ती वर्षभर पालवत राहील आणि फळाचा काळ-वेळ राहणार नाही. म्हणून आमच्या बागाईतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसविली. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, वेल ओलांड्यापर्यंत खरडून काढावयाची, तिला खरड छाटणी म्हणतात. त्या उन्हात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढील घडाचा गर्भ धरतो. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याच काड्या मोजके डोळे राखून छाटावयाच्या, ती गोडी छाटणी. त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतो. पीक एकच घ्यावयाचे, परंतु ते कोणत्या ऋतूत यावे हे माणसाने ठरवावयाचे, अशी ही युक्ती आहे. तिच्यामुळेच द्राक्ष थंडीत वाढते व पावसाच्या तडाख्यातून बहुधा वाचते.

दक्षिणेकडे ह्या वेलीचा धर्मगुरूंशी निकटचा संबंध आलेला आहे. तामिळनाडूतील कंबम खोऱ्याच्या काळ्या पन्नीर द्राक्षास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते द्राक्ष १८३२ साली एका फ्रेंच धर्मगुरूने त्या प्रांतात आणिले, असे त्या संबंधात सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात जेज्वीट धर्मगुरूंनी १८५१ साली सेव्हनहिल येथे बाग लावली ती मिस्साच्या द्राक्षारसासाठीच. ती बाग आजही चालू आहे. आमच्या नाशिकची कथा मात्र निराळी आहे. तेथील द्राक्ष आले ते खावयासाठी. नाशिकजवळ ओझर येथे १९२५ साली अशा द्राक्षांची लागवड सुरू झाली. पुढे भोकरी व फकडी ह्या जुन्या जाती मागे पडून बिनबियांचे थॉमसन द्राक्ष आले, आणि सांगली जिल्ह्यातील तासगावी त्यातूनच निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात नावारूपास आली. १९६० साली बागाईतदारांनी आपला राज्यव्यापी संघ स्थापन केला. येणेप्रमाणे द्राक्षाची विद्या आमच्या शेतकऱ्यांच्या हाती पूर्णपणे आली होती. परंतु रस काढण्याची विद्या आलेली नव्हती.

ह्या दोन विद्यांत मोठे अंतर आहे. खाण्याचे द्राक्ष टपोरे, पातळ सालीचे, गोड व बिनबियांचे असावे लागते. रसाचे द्राक्ष नेमके उलट: मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडीबरोबर आंबटपणाही हवा. तांबड्या रसाच्या बाबतीत तर साल हेच सर्वस्व होय. बहुतेक काळ्या द्राक्षांच्या आतला गर रंगहीन असतो. रंग, तुरटपणा व वासाचा बराचसा भाग सालीत असतो. म्हणून पांढरा रस करताना द्राक्ष दाबून साल लगेच वेगळी करतात. तांबडा करताना देठ काढून, मणी फोडून, रस व साली एकत्रच टाकीत भरतात. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव रसातील साखर खातो व तिचा मद्यार्क करतो. त्या वेळी जो वायू सुटतो त्याच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो थर दिवसातून अनेक वेळा खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस वर आणून त्यावर ओतावा लागतो; नाही तर रंग उतरत नाही व वरचा थर आंबून बिघडतो. उष्णता फार वाढली तर यीस्ट मरते, फार घटली तर ते थंडावते. पुढे चोथा दाबून रस निराळा करतात, आणि चांगल्या प्रतीचा असेल तर ओक लाकडाच्या पिंपांत कित्येक महिने ठेवतात. ह्या साऱ्या क्रमात रात्रीअपरात्री उठून टाकीजवळ जाणारा माणूस हवा. लहान कुटुंबाची वायनरी टिकते ती अशा माणसाच्या जोरावर.

आता पायथाच का, हे पाहू. बाभुळगाव आणि नाशिक ही दोन्ही विसाव्या अक्षांशाच्या आसपासची गावे आहेत. सूर्य दोघांवर सारखाच तापतो. परंतु नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे, आणि पश्चिमेस त्र्यंबक-इगतपुरीकडे सह्याद्रीचे डोंगर जवळ येतात तेथे जमीन तांबूस, मुरमाड व उताराची होत जाते. अशा जमिनीत पाणी साचत नाही, मूळ खोल जाते आणि वेल माजत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट रात्रीची. पौष-माघात तेथील रात्र कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरते आणि दिवस मात्र उबदार राहतो. दिवसाच्या उन्हाने गोडी चढते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा व रंग टिकतो. रसाच्या द्राक्षास हा खेळ मानवतो. इटलीच्या वायव्येस आल्प्सच्या खाली पिएमोंते नावाचा प्रांत आहे. त्या नावाचा अर्थच ‘पर्वताचा पायथा’ असा होतो, आणि बारोलो व बार्बारेस्को हे जगविख्यात तांबडे रस तेथलेच. कर्नाटकात नंदी डोंगराच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ च्या सुमारास बाग लावली, तीही ह्याच हिशेबाने.

महाराष्ट्रात आधुनिक द्राक्षारसाचा पहिला मोठा उद्योग १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी निघाला. श्यामराव चौगुले ह्यांच्या इंडाज कंपनीने फ्रान्समधील जाणकारांच्या साहाय्याने फेसाळ द्राक्षारस करून तो परदेशी पाठविला. हा उद्योग मोठ्या भांडवलाचा होता. नाशिकला निराळे वळण लागले ते राजीव सामंत ह्यांच्या सुला ह्या संस्थेमुळे. अमेरिकेत शिकून व नोकरी करून परतलेल्या ह्या गृहस्थाने घरच्या जमिनीत गंगापूर धरणाजवळ वेली लाविल्या आणि १९९९ साली वायनरी उभी केली. पाठोपाठ २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले: राज्यातच पिकलेल्या द्राक्षांच्या रसावरील अबकारी कर माफ झाला, परवान्याच्या अटी सैल झाल्या, आणि निफाड तालुक्यात विंचूर येथे व सांगलीकडे पलूस येथे द्राक्षारसाच्या उद्योगासाठी स्वतंत्र वसाहती आखण्यात आल्या.

धोरण निघताच शेतकऱ्यांत उत्साहाची लाट आली. कालपर्यंत घड पेटीत भरून व्यापाऱ्यास देणारा बागाईतदार आता स्वतःच्या नावाची बाटली डोळ्यांपुढे पाहू लागला. दहा वर्षांच्या आत राज्यातील वायनऱ्यांची संख्या पाच-दहावरून साठ-सत्तरपर्यंत गेली. त्यांतील बऱ्याच कुटुंबांच्या होत्या. निफाडजवळ कुंदेवाडीस एका पाटील कुटुंबाने इटलीच्या जाती आणून लाविल्या व इटलीचाच जाणकार बोलाविला. त्यांचा रेव्हेलो हा रस त्यातून निघाला. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या काठी, संजेगावी, व्हॅलोने ही लहानशी वायनरी निघाली. आणि गंगापूर धरणाच्या काठी, सुलाच्या शेजारीच म्हणावे इतक्या अंतरावर, २००६ च्या सुमारास यॉर्क नावाची वायनरी उभी राहिली.

ह्या यॉर्कची हकीकत आम्ही थोडी विस्ताराने देतो, कारण आमच्या विषयाचा सारा अर्थ तिच्यात साठविलेला आहे. नाव इंग्लंडच्या शहराचे वाटते. वस्तुतः ते गुरनानी कुटुंबातील तीन अपत्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले आहे. बापाने मुलांची नावे पाटीवर लिहावी त्याप्रमाणे ती बाटलीवर लिहिली. एक मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या विद्यापीठात द्राक्षारसाचे शास्त्र शिकून परतला व टाकीजवळ उभा राहिला. दुसऱ्याने व्यवहार सांभाळला. शिराझ व काबर्ने सोव्हिन्यॉं ह्या काळ्या जातींवर त्यांनी विशेष श्रम घेतले, आणि त्यांच्या तांबड्या रसास जाणत्यांत नाव मिळाले. मोठ्या भांडवलाशिवाय, मोठ्या जाहिरातीशिवाय, घरची माणसे घरचे काम शिकून चांगली वस्तू निर्माण करू शकतात, ह्याचे हे उदाहरण होते.

परंतु काळ सोपा नव्हता. २००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, आणि ज्या मोठ्या हॉटेलांवर ह्या रसाची विक्री अवलंबून होती ती ओस पडली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. पुढील हंगामात वायनऱ्यांनी द्राक्षे घेण्यास नकार दिला. रसाचे द्राक्ष खावयास चालत नाही, बेदाण्यास चालत नाही. ते दुसऱ्या बाजारात नेता येत नाही. तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी करारावर विसंबून काबर्ने-शिराझ लाविली होती त्यांनी ती बहराला आलेली वेल मुळासकट उपटून पुन्हा खाण्याचे द्राक्ष लाविले. नारायणगावचा तो पहिला मोठा उद्योगही २०१० च्या सुमारास कर्जाच्या भाराखाली कोसळला. त्यानंतर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली. ती आपल्या विदर्भानेही भोगली आहे. तोडणीस आलेल्या बागेवर अर्धा तास गारा पडल्या की वर्षाची मेहनत आणि पुढच्या वर्षाची काडी दोन्ही जातात.

ज्यांनी ह्या वर्षांत तग धरला त्यांच्यातही पुढे बदल झाले. २०२१ साली सुलाने यॉर्क विकत घेतली. २०२२ च्या डिसेंबरात सुलाचे भाग शेअर बाजारात आले. शास्त्रातील नाबोथाची कथा येथे सहजच आठवते: राजाने योग्य मोबदला देऊ केला असताही ज्याने वाडवडिलांचा द्राक्षमळा देण्याचे नाकारले आणि त्यासाठी प्राण गमावला, तो नाबोथ. परंतु दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. येथे अहाब नाही, ईजबेल नाही, जुलूम नाही. व्यवहार राजीखुशीचा होता, आणि आपले श्रमाचे धन योग्य वेळी विकण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबास आहे. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वस्तू चांगली होती, विद्या पक्की होती, माणसे कष्टाळू होती. आणि एवढे सारे असूनही पंधरा वर्षांत ते घर मोठ्या घरात सामावून गेले. एकट्या कुटुंबास चांगली वस्तू निर्माण करता येते, पण बाजार, परवाने, कर्ज व ऋतू ह्या चौघांशी एकट्याने झुंजणे त्यास जड जाते. ह्या इतिहासाचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा पिएमोंतेच्या पायथ्याशी मिळतो. बार्बारेस्को हे एक लहान गाव आहे. तेथे नेब्बिओलो नावाच्या काळ्या द्राक्षाचा तांबडा रस करतात. पूर्वी तेथील लहान शेतकरी द्राक्षे तोडून बाजारात नेत, आणि दिवस मावळेपर्यंत व्यापारी जो भाव देईल तो घेत. कारण तोडलेले द्राक्ष उद्यापर्यंत थांबत नाही. १८९४ साली दोमित्सिओ काव्हात्सा नावाच्या एका विद्वानाने नऊ बागाईतदारांस एकत्र करून तेथे सहकारी कोठार काढले. पुढे फॅसिस्ट राजवटीच्या काळात ते बंद पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर गावचे तरुण शहरातील कारखान्यांकडे निघून जाऊ लागले. तेव्हा १९५८ साली त्या गावचे धर्मगुरू दोन फिओरिनो मारेंगो ह्यांनी एकोणीस लहान शेतकऱ्यांस जमवून पुन्हा सहकारी मंडळी स्थापन केली. पहिल्या तीन हंगामांचा रस त्यांनी चर्चच्या तळघरात केला. मग चौकाच्या पलीकडे स्वतःची इमारत बांधली. ती मंडळी आजही चालू आहे, तिच्यात पन्नासाहून अधिक कुटुंबे आहेत, आणि तिच्या रसाची गणना त्या प्रांतातील उत्तम रसांत होते. प्रत्येक कुटुंबाची बाग त्याची त्याच्याकडेच राहिली. एकत्र झाले ते कोठार, हिशेब व नाव. वरील दंडक मात्र कडक होता: सभासदाने आपले सर्व नेब्बिओलो मंडळीसच द्यावयाचे, चांगला घड बाहेर आणि वाईट घड मंडळीत असे चालावयाचे नाही.

हा प्रयोग आपल्या मातीत रुजणार नाही असे म्हणण्याचे कारण नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालचा. नाशिककडील द्राक्षे परदेशी पाठविण्यासाठी बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली महाग्रेप्स ही संस्था काढली, आणि पुढे दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी राहिली. खाण्याच्या द्राक्षात जे साधले ते रसाच्या द्राक्षात अजून तितके साधलेले नाही, एवढेच.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे बोलणे धर्मगुरू ह्या नात्याने आम्हांस प्राप्त आहे. पहिली, मजुरांची. नाशिकच्या बागांत छाटणी, विरळणी व तोडणी करणारे हात पुष्कळदा पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी बंधुभगिनींचे असतात. हंगामापुरते ते डोंगर उतरून येतात आणि हंगाम संपताच परत जातात. बाटलीवर त्यांचे नाव कधीच येत नाही. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला प्रभूने दिला तो अकराव्या तासाला आलेल्या मजुरासही पोटापुरते मिळावे म्हणून. बागेचा मालक लहान असो वा मोठा, त्याची परीक्षा ह्या ठिकाणी होते.

दुसरी गोष्ट व्यसनाची. आपला शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनीही दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत, आणि त्यांनी ते हौसेने काढलेले नाहीत. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत द्राक्षारस विकण्यास संमती देण्याचे ठरविले तेव्हा, हा रस म्हणजे दारू नव्हे, असे सांगण्यात आले. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. आमचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या हिताचा युक्तिवाद खरा असला तरी शब्दांची ही कसरत खरी नव्हे. तांबड्या रसात शेकडा बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो. देशी दारूहून तो कमी आहे, पण तो मद्यार्कच आहे. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण निर्धास्त नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. ज्या घरात बाप सायंकाळी शुद्धीवर नसतो त्या घरास पायथ्याच्या जमिनीचे कौतुक सांगून उपयोग नाही. द्राक्षारस वेदीवर येतो म्हणून तो गुत्त्यावरही पवित्र ठरत नाही. कारागिराचा सन्मान करणे आणि व्यसनास नकार देणे ह्या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात, व त्या राहिल्या पाहिजेत.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी घातली गेली ती प्रामुख्याने ह्या कापसासाठीच. तेव्हापासून आजतागायत आपला शेतकरी बोंड फुटल्याबरोबर वेचतो, गाडीत भरतो, आणि काट्यावर जे वजन होईल त्याचे पैसे घेऊन घरी येतो. सरकी वेगळी कोठे होते, सूत कोठे निघते, कापड कोठे विणले जाते, त्याला ठाऊक नसते; आणि त्या प्रत्येक पायरीवर जी किंमत वाढते तिच्यातला वाटा त्याच्याकडे येत नाही. गांधीजी १९३६ साली आपल्या शेजारी सेवाग्रामास येऊन राहिले तेव्हा कपाशीच्या ह्या मुलखात चरख्याचा आग्रह धरण्यामागे त्यांचा हाच विचार होता की, कापसाचे मोल गावातच वाढावे.

द्राक्ष तोडल्यावर एक दिवस थांबत नाही. कापूस कोठारात महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणजे बार्बारेस्कोच्या त्या एकोणीस शेतकऱ्यांपेक्षा आपली स्थिती एका बाबतीत बरी आहे. मालास घाई नाही. घाई आहे ती सावकाराची, दुकानदाराच्या उधारीची आणि मुलीच्या लग्नाची. ती घाई एकट्यास आवरता येत नाही. दहा-वीस घरांनी मिळून आवरली तर आवरता येते. आमच्या भाविकांनी लगेच कारखाने काढावेत असे आम्ही सुचवीत नाही. कर्ज काढून फॅशनच्या पिकामागे धावणाऱ्यांची काय गत झाली, हे २००९ च्या उपटलेल्या वेलींनी दाखविलेच आहे. आम्ही एवढेच सुचवितो: आपल्यापैकी काही कुटुंबांनी येत्या हंगामात आपल्या कापसाचा हिशेब एकत्र मांडून पाहावा, किती पिकला, कोणत्या भावाने गेला, कर्जाच्या घाईमुळे किती कमी भावाने गेला. एखाद्या मुलाने किंवा मुलीने शेतीच्या मालावरील प्रक्रियेचे शिक्षण घ्यावे व गावी परत यावे. आणि एकत्र येताना चांगला माल बाहेर व हलका माल मंडळीत, ही बुद्धी पहिल्याच दिवशी सोडून द्यावी.

पंचवीस वर्षांनी जो कोणी ह्या धर्मग्रामाच्या पुढच्या ज्युबिलीसाठी लिहील, त्यास इमारतींबरोबर अशा एखाद्या कोठाराचाही इतिहास लिहावयास मिळो, अशी आमची प्रार्थना आहे. त्यासाठी लागणारी सभा घेण्यास चर्चचे आवार रविवारच्या मिस्सानंतर मोकळे असते.